ओसरी, माजघर आणि लाल शाई

स्पॅमवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. विषय तसा शिळा. आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, आपण ई-मेलला हौसेने 'विरोप' म्हणायचो त्या काळातही मेलबॉक्स उघडला की आधी केर काढावा लागायचा. कुठल्याशा नायजेरियन राजपुत्राचे अडकलेले कोट्यवधी डॉलर, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, आणि आपल्याच मावसभावाने पाठवलेलं 'हे दहा जणांना पाठवा, नाहीतर...' सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं आणि त्यातली दहा मिनिटं हे डिलीट करण्यात घालवायची. पुढे गाळण्या सुधारल्या आणि आपण हा विषय विसरलो.

(जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स यांनी सांगितलं होतं की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. असो.)

मला तो पुन्हा आठवला तो आत्यामुळे. आत्या म्हणजे वाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेली, वय ७६, एकटी राहते. मुलगा कॅनडात. तो फोटो, नातवाची चित्रं वगैरे मेलवर पाठवतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तिच्या मते 'वाहून जातं'. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा फोन आला, "तू येशील तेव्हा ते ई-मेल बंद करून टाक. कायमचं."

कारण तिची मैत्रीण. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, दोन गल्ल्या सोडून राहतात. नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सांगायचं असतं, नाहीतर पेन्शन थांबते. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण सुरू झाल्यापासून हे घरबसल्याही करता येतं, आणि लबाडांना हे कॅलेंडर आपल्यापेक्षा नीट पाठ असतं. नर्सबाईंना मेल आली की तुमचा दाखला अपुरा आहे, खालच्या लिंकवर जाऊन पूर्ण करा. त्या पानाने आधी ई-मेलचा पासवर्ड मागितला, मग पीपीओ नंबर, मग खातं, मग ओटीपी. आठवडाभरात तीन हप्त्यांत दोन लाख चाळीस हजार गेले. १९३० ला फोन केला तोपर्यंत पहिले दोन हप्ते पुढच्या खात्यांतून निघून गेले होते, शेवटच्यातले थोडे गोठवता आले.

आत्याने त्या दिवसापासून मेल उघडणंच सोडलं. मुलाच्याही नाही. नातवाने काढलेल्या बर्फातल्या घराच्या चित्राची मेल तीन आठवडे तशीच पडून होती. हे मला जास्त लागलं. पैसे गेले दुसऱ्याचे, पण दार लावून घेतलं हिने.

मी गेले ती डोक्यात एक साधा बेत घेऊन. फिल्टर लावू, संशयास्पद सगळं परस्पर डिलीट, आत्याच्या नजरेलाच पडायला नको. पण त्या संध्याकाळी आधी नर्सबाईंकडे गेलो, त्यांचा मेलबॉक्स तपासायला. पासवर्ड बदलला, अनोळखी ठिकाणचे लॉगिन बंद केले, आणि सवयीने सेटिंग्जमध्ये फिल्टरांची यादी उघडली. नर्सबाईंना फिल्टर म्हणजे पाण्याचा एवढंच माहीत. यादीत एक फिल्टर होता. ज्या मेलमध्ये त्यांच्या बँकेचं नाव असेल ती वाचल्याची खूण करून थेट कचऱ्यात टाकायची.

म्हणजे चोराने आत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर गाळणी लावली! बँक प्रत्येक हप्त्याला 'तुमच्या खात्यातून इतके गेले' अशी मेल पाठवत होती आणि ती त्यांना दिसतच नव्हती. एसएमएस आले असणार, पण फोनमध्ये कर्जांच्या आणि साड्यांच्या जाहिरातींचे शेकड्याने मेसेज, त्यात कोण बघतो? ही युक्ती भामट्यांमध्ये चांगली रुळलेली आहे हे मला वाचून माहीत होतं. दोन गल्ल्यांवर ती बघणं वेगळं. हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, आपापल्या आईवडिलांच्या मेलची फिल्टरांची यादी आणि फॉरवर्डिंगचं पान एकदा उघडून बघा. काही सापडणार नाही बहुधा. तरी बघा.

आत्या हे सगळं शेजारी बसून बघत होती. परत येताना म्हणाली, "म्हणजे त्या मेल्याने जे केलं तेच तू माझ्यासाठी करायला आलीयस ना? मला न दिसता फेकायचं."

यावर काय बोलणार! घरी येईपर्यंत तिच्या अटी ठरल्या होत्या. बंद करायचं नाही. पासवर्ड ती स्वतः टाइप करणार, मी तोंड फिरवायचं. कुठलाही नियम पत्र फाडणार नाही, फार तर बाजूला ठेवेल. आणि प्रत्येक नियम तिच्या वहीत मराठीत लिहिला जाईल, तिला समजेल अशा शब्दांत. समजला नाही तर तो लावायचा नाही.

थोडं विषयांतर करते, कारण हा प्रकार नवा नाही. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क नावाच्या डीईसी कंपनीच्या विक्रेत्याने आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाची जाहिरात एका फटक्यात पाठवली, त्याला पहिला स्पॅम मानतात. नाव नंतर चिकटलं, १९७० च्या मॉन्टी पायथनच्या प्रहसनावरून. त्यात खानावळीतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात डब्यातलं स्पॅम नावाचं मांस असतं, नको म्हटलं तरी. पण आत्याचं म्हणणं की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. संतोषी मातेचं पोस्टकार्ड! या पत्राच्या इतक्या प्रती लिहून पाठवा, अमक्याने फाडलं तर त्याचा व्यापार बुडाला. आजी ती पोस्टकार्डं बंबात घालायची आणि वर म्हणायची, "आता बघू काय होतंय." आजीला स्पॅम फोल्डरची गरज नव्हती, बंब होता.

तर नियम. आत्याने पहिल्यांदा विचारलं की पत्र नको ते आहे हे यंत्राला कळतं कसं. मी पॉल ग्रॅहमचं सांगितलं. २००२ च्या ऑगस्टमध्ये त्याने एक लेख लिहिला, त्यातली कल्पना अशी की नियम माणसाने घालूच नयेत. चांगल्या पत्रांचा एक ढीग, वाईटांचा एक ढीग, आणि प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं. नवं पत्र आलं की त्यातल्या सगळ्यांत बोलक्या शब्दांवरून ते कोणत्या ढिगातलं असण्याची शक्यता किती, ते काढायचं. गणित अठराव्या शतकातलं, थॉमस बेज नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचं, तेही तो गेल्यावर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये छापलेलं. ग्रॅहमला या मोजणीत एक गंमत सापडली. स्पॅम ओळखायला अश्लील शब्दांइतकीच खात्रीची खूण निघाली ती भडक लाल रंगाची. म्हणजे अक्षरं लाल करायला वेबपानात जो संकेत लिहितात तो.

"लाल शाई," आत्या एकदम खूश. "लाल शाईनं फक्त मास्तरनं लिहावं."

त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चांगलं पत्र चुकून वाईटात जाणं हे वाईट पत्र आत येण्यापेक्षा पुष्कळ वाईट, असं त्याचं मत. म्हणून त्याने चांगल्या ढिगातल्या शब्दांची मोजणी दुप्पट धरली होती, संशयाचा फायदा पत्राला. आज जीमेल वगैरे जे करतात ते यापेक्षा फार पुढचं आहे, पण हा तराजू झुकवायचा प्रश्न तसाच आहे, आणि तो तुमच्यासाठी किती झुकवायचा हे त्यांना माहीत नसतं. आत्यासाठी तर नाहीच.

जीमेलमध्ये शोधायच्या चौकटीच्या टोकाला एक छोटी खूण असते, ती दाबली की फिल्टरचा फॉर्म उघडतो. कोणाकडून, विषय, हे शब्द असलेली, हे शब्द नसलेली. मग त्या मेलचं काय करायचं ते. आम्ही पहिला नियम केला ओळखीच्यांचा. मुलगा, सून, मी, दादा, मामा, डॉक्टर, पेन्शनर संघटनेचे सेक्रेटरी, गॅसवाला, सगळ्यांचे पत्ते 'अथवा' घालून एका ओळीत. यांच्या मेलवर लेबल, आणि 'कधीही स्पॅममध्ये टाकू नये' यावर टिचकी. लेबलाला नाव काय द्यायचं? आत्या म्हणाली, माजघर. मग बाकीचा इनबॉक्स आपोआप ओसरी झाला. वाईच्या जुन्या घरात अनोळखी माणूस आला की ओसरीवर बसायचा, पाणी मिळायचं, कोण, कुठले ते विचारलं जायचं. हाकलत कोणी नसे. पण माजघरात घेतही नसत. तिला हे एका फटक्यात समजलं आणि मला फिल्टर पहिल्यांदाच नीट समजले.

दुसरा नियम शब्दांचा. यात आत्याने व्याकरणाचा तास घेतला. जीमेल शब्दाचा तुकडा ओळखत नाही, अख्खा शब्द जुळावा लागतो. म्हणजे 'तातडीने' दिला तर 'तातडीचे' निसटतं. 'खाते' दिला तर खात्यातून, खात्यावर, खात्याचा सगळे मोकळे. इंग्रजीत एका शब्दावर काम भागतं, मराठीत विभक्तीचे प्रत्यय मोजत बसा. तिने वहीत कोष्टक आखलं, प्रथमा ते सप्तमी, आणि संबोधन मात्र गाळलं, कारण 'हे खात्या' असं कोणी लिहीत नाही. केवायसी, रिफंड, वारस, दाखला, तातडीने, तात्काळ, २४ तासांत. असा शब्द असलेली आणि माजघरातल्या कोणाची नसलेली मेल ओसरी वगळून 'लाल शाई' या लेबलाखाली जाऊन पडेल. डिलीट होणार नाही. रविवारी सकाळी चहानंतर ती लाल शाई वाचणार, आणि जोडीला जीमेलचा स्वतःचा स्पॅम फोल्डरही, कारण तो ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो.

आणि वाचायला लागली, अगदी तपासायला बसल्यासारखी. सुरुवातीला मला फोन करून वाचून दाखवायची. "ऐक हं. 'प्रिय प्रेमळ एक, मी मृत अभियंता यांचा वकील असून तू त्याचा पुढचा नातेवाईक बनशील.' शून्य मार्क." यंत्राने केलेलं मराठी. एकदा तिने विचारलं की एवढे पैसे लुबाडायचे तर नीट भाषा तरी का लिहीत नाहीत?

याचं उत्तर कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकाने २०१२ मध्ये दिलंय आणि ते मला फार आवडतं. त्याचा प्रश्न होता, नायजेरियन भामटे आम्ही नायजेरियाचे असं सांगतात कशाला? एव्हाना तर सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर असं की मेल पाठवायला काही खर्च नाही, खर्च आहे तो उत्तर देणाऱ्यामागे लागणाऱ्या आठवड्यांचा. जो माणूस अर्ध्यावर शहाणा होईल त्याच्यामागे वेळ वाया जातो. म्हणून पत्रच इतकं अचाट लिहायचं की शहाण्याने पहिल्या ओळीला हसून ते टाकून द्यावं. जो तरीही उत्तर देईल तोच त्यांना हवा असतो. थोडक्यात, तीही गाळणीच, फक्त त्यांच्या बाजूची, आणि त्यांना खाली उरणारा चोथा म्हणजे आपण हसणारे.

आत्या यावर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी मार्क देते ते त्यांना पाहिजेच असतं."

हो. आणि नर्सबाईंना आलेलं पत्र तसलं नव्हतंच. तिथे घाऊक मासेमारी नव्हती, पेन्शनरांच्या यादीवर नेम होता. आणखी एक गोष्ट बदलली आहे, ती मला काळजीची वाटते. २०२५ मध्ये लाल शाईत पडणाऱ्या पत्रांचं मराठी हळूहळू सुधारत गेलं. ऱ्हस्वदीर्घ बरोबर, 'महोदय' जागच्या जागी, शेवटी 'आपला विश्वासू'. आता ही पत्रं एआयकडून लिहून घेता येतात. आत्याने एक पत्र मला पाठवलं आणि वर लिहिलं, "इतकं शुद्ध पत्र आमचे गटशिक्षणाधिकारीही काढत नसत. म्हणून संशय आला." म्हणजे ३४ वर्षांची तिची कसोटी उलटी फिरली. चुका दिसल्या तर माणूस असेल!

म्हणून मग शब्दांपेक्षा पत्त्याकडे वळलो. पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लावू शकतो, 'पेन्शन कार्यालय' असं नाव घ्यायला परवानगी लागत नाही. नावावर बोट ठेवून खालचा पत्ता बघायचा, आणि त्यात अ‍ॅट नंतरचा शेवटचा भाग. सरकारी असेल तर शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँक डॉट इन हा खास शेवट जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं तिकडे न्यायला सांगितलं. तो शेवट कोणालाही दुकानातून घेता येत नाही, बँकांनाच मिळतो. वहीत तो मोठ्या अक्षरात आहे. जीमेल आतून पोस्टाच्या शिक्क्यासारखी तपासणीही करतं, ही मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकाकडून निघाली का, वाटेत बदलली का. तिला एसपीएफ, डीकेआयएम अशी रुक्ष नावं आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना जीमेल आणि याहूने ती सक्तीची केली. पण भामट्याने स्वतःचाच पत्ता रीतसर विकत घेतला तर त्याचाही शिक्का खराच उमटतो. शिक्का खरा म्हणून माणूस खरा, असं नाही.

ऑगस्ट २०२५ मधला एक रविवार. लाल शाईत एक पत्र. "आदरणीय बाई, आपण मला ओळखणार नाही. मी आपणास बऱ्याच वर्षांनी लिहीत आहे. आपला पत्ता व फोन नंबर तातडीने कळवावा, ही विनंती." खाली एक नाव, पत्ता साधा जीमेलचा, आणि पैशाचा उल्लेख नाही. मला फॉरवर्ड केलं. मी बघितलं तर फसवणुकीच्या पत्राची सगळी लक्षणं. अनोळखी, घाई, माहिती मागतोय. 'तातडीने' हा शब्द तिनेच यादीत घातलेला, म्हणून ते बरोब्बर जिथे पडायला हवं तिथे पडलं होतं. मी कळवलं, उत्तर देऊ नकोस.

तिने उत्तर दिलं. पत्ता नाही, फोन नाही. फक्त एक ओळ, "आपल्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसायचं?"

दोन दिवसांनी उत्तर आलं की बाई, खिडकी नव्हतीच, १९८९ मध्ये आपला वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा कारण शाळेचं छप्पर उडालं होतं. तरीही आत्याने लगेच पत्ता दिला नाही. त्या गावातल्या जुन्या सहकारी गुरुजींना फोन करून विचारलं, की असा असा मुलगा होता का, आता कुठे असतो. होता. गुरुजींकडूनच बाईंचा ई-मेल त्याने मिळवला होता, फक्त सांगायला विसरला. त्या वर्गातल्या मुलांना जमायचं होतं आणि बाईंना न्यायला गाडी पाठवायची होती, म्हणून तातडी. पन्नाशीच्या आसपासची ती मुलं देवळातच जमली. आत्या गेली होती, आल्यावर दोन दिवस घसा बसला होता.

मी ठरवून आले होते तसा 'डिलीट'वाला नियम लावला असता तर काय, हा विचार तुमच्याही मनात आला असेल. आत्याच्या मनात तो कधी आला नाही, कारण तिने तो लावूच दिला नव्हता.

बाकी नर्सबाईंचे उरलेले पैसे अजून मिळालेले नाहीत. नोव्हेंबर २०२५ चा दाखला त्यांनी आणि आत्याने एकत्र बँकेत जाऊन, काउंटरवर बसून दिला. घरून होत असताना का गेलात म्हटलं तर म्हणाल्या, तेवढाच फेरफटका.

मामा, तू हे वाचणार आहेस म्हणून सांगून टाकते. तुझे रोज सकाळचे 'हे तात्काळ सर्वांना पाठवा' माजघरात येत होते, पत्ता ओळखीचा म्हणून. दिवाळीनंतर आत्याने वहीत तुझ्या नावाचा स्वतंत्र नियम लिहिला आणि तो मी न सांगता, एकटीने लावला. आता तेही लाल शाईत जातात. रविवारी वाचते ती सगळे. शुद्धलेखनाचे मार्क हवे असतील तर तिलाच विचार.